शंभर खोक्यांचे वजन

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एखादा तरी लेख वैद्यकातील नव्या तंत्राविषयी असतो, आणि तो असावाच. या वर्षी मात्र संपादक मंडळाने विषयाचे बंधन ठेवले नाही, तेव्हा मी एका रिकाम्या खोक्याविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. फळांचे पेय, मसाला ताक, सुगंधी दूध किंवा महिनोन्‌महिने न नासणारे साधे दूध ज्यातून येते, ते पुठ्ठ्याचे खोके. ‘टेट्रा पॅक’ हे वस्तुतः एका कंपनीचे नाव. परंतु ‘डालडा’ जसे वनस्पती तुपाचे नाव होऊन बसले, तसे हेही आपल्या बोलण्यात त्या खोक्याचेच नाव झाले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ही खोकी पुन्हा उपयोगात आणण्याची विद्या आपल्या देशात आहे, कारखाने आहेत, नियमही आहेत. नाही तो फक्त घर आणि कारखाना यांच्यामधला माणूस. तो नुसत्या प्रबोधनाने मिळणार नाही, त्याला दाम मोजावे लागतील.

प्रथम या खोक्याची शरीररचना पाहू. बाहेरून ते कागदाचे वाटते, पण आत थरांवर थर आहेत. वजनाने पाहता सुमारे ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिएथिलीन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम. पुठ्ठा आकार व बळकटी देतो, पॉलिएथिलीन ओल अडवते आणि केसाहूनही कितीतरी पातळ असा ॲल्युमिनियमचा पापुद्रा प्रकाश व प्राणवायू यांना आत येऊ देत नाही. दूध १३५ ते १४० अंश सेल्सिअसवर काही सेकंद तापवून, तत्काळ थंड करून, निर्जंतुक केलेल्या वेष्टनात निर्जंतुक वातावरणातच भरले जाते. आपल्या शल्यगृहातल्या शिस्तीचेच हे औद्योगिक रूप आहे. रूबेन राउसिंग यांनी १९५१ साली स्वीडनमधील लुंड येथे ही कंपनी स्थापन केली, तेव्हा तिची पहिली खोकी चार त्रिकोणी बाजूंची, समोशासारखी होती. ‘टेट्रा’ हा शब्द तेथून आला. भारतात १९८५ मध्ये फ्रूटी आली आणि माझ्या पिढीच्या तरुणपणातल्या प्रवासांना एक नवा स्वाद मिळाला. आज हे वेष्टन पुण्याजवळ चाकणला तयार होते.

मी या खोक्याची शत्रू नाही, हे येथेच सांगून ठेवते. लसींसाठी शीतसाखळी सांभाळताना होणारी दमछाक बालरोगतज्ज्ञाला पुरती ठाऊक असते; वीज गेली की आमचा जीव शीतकपाटात अडकलेला असतो. शीतकपाटावाचून दूध टिकते ही सोय पूरग्रस्तांच्या छावणीत, लांबच्या प्रवासात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी लहान नाही. ‘ही खोकीच बंद करा, काचेच्या बाटल्या आणा’ असे म्हणणाऱ्या मित्रांना मी एवढेच विचारते की त्या जड बाटल्या कोण वाहणार, कोण धुणार आणि कोणत्या पाण्याने?

अडचण अशी की, जो गुण तोच दोष. थर एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात म्हणून दूध टिकते, आणि म्हणूनच रिकामे खोके धड कागदाच्या रद्दीत जात नाही, धड प्लास्टिकमध्येही नाही. ते वेगळे करण्याची रीत मात्र आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. मोठ्या हौदात पाणी घेऊन त्यात खोकी घुसळतात, जणू रवीने ताक घुसळावे तशी. अर्ध्याएक तासात कागदाचे तंतू लोण्यासारखे सुटे होतात. त्यासाठी तीव्र रसायने लागत नाहीत. या तंतूंपासून तपकिरी कागद आणि पुठ्ठा होतो. राहिलेले प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे मिश्रण उष्णतेने दाबून त्याचे पत्रे करतात. त्यांची छपरे होतात, बाके होतात. उत्तराखंडातील खटिमा येथे आणि आपल्या महाराष्ट्रात पालघर भागात अशी कामे चालतात. मुंबईत ‘कार्टन ले आओ, क्लासरूम बनाओ’ या नावाची मोहीम निघाली होती. दुकानांतून ठेवलेल्या पेट्यांत लोकांनी रिकामी खोकी टाकायची आणि त्यांच्यापासून झालेली बाके शाळांना द्यायची, अशी ती कल्पना. फळांचा रस पिणारे मूल आणि त्या बाकावर बसून पाढे म्हणणारे मूल अशी दोघांची गाठ तिने घालून दिली, म्हणून मला ती फार आवडते.

मग आपल्या हैदराबादेत हे का घडत नाही? त्याचे उत्तर शोधताना मी एक प्रयोग केला. प्रतीक्षाकक्षातील कचरापेटीतून आणि आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांकडून २०० मिलीलिटरची शंभर रिकामी खोकी जमविली, धुऊन वाळविली, चपटी केली आणि तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर ठेवली. वजन भरले किलोच्या आतबाहेर. अवेळी जन्मलेल्या, काचपेटीत ठेवाव्या लागणाऱ्या बाळाएवढे! आता कचरा वेचणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एक किलो भरण्यासाठी तिने शंभर वेळा वाकायचे, शंभर वेळा उचलायचे. त्यात अर्ध्या खोक्यांत रस उरलेला, मुंग्या लागलेल्या, नळी आत खुपसलेली. तेवढ्या श्रमात पुठ्ठ्याची मोजकी खोकी किंवा पाण्याच्या बाटल्या वेचून तिची कमाई कितीतरी जास्त होते. हे शिक्षणाच्या अभावाने घडत नाही. तिचा हिशेब आपल्या हिशेबापेक्षा पक्का असतो.

आमच्या इमारतीत पुढे पोतेभर खोकी साठली, तेव्हा मी नेहमीच्या कबाडीवाल्याला बोलावले. त्याने पोते एका हाताने उचलून पाहिले, खाली ठेवले आणि म्हणाला, “डॉक्टरम्मा, इसकू कोई नै लेते.” मी विचारले, रद्दीचा भाव मिळाला तर? तो हसला. “फिर कायकू नै लेते?” माझ्या या सबंध लेखाचे सार त्याने चार शब्दांत सांगून टाकले.

आपल्या शहराची व्यवस्था आठवा. २०१५ च्या सुमारास महानगरपालिकेने घरोघर ओल्या कचऱ्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा असे दोन डबे वाटले आणि ‘स्वच्छ ऑटो’ रस्त्यांवर आणल्या. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. दोन्ही गोष्टी योग्य झाल्या. पुढे निळ्या डब्याचे काय झाले ते मात्र आपणच जाणतो. कित्येक घरांत त्यात तांदूळ आहेत! जेथे डबे अजून डब्यांच्या कामी आहेत, तेथेही निवडीचे खरे काम ऑटोवाला करतो. घरटी मिळणारे मासिक पैसे आणि कचऱ्यातून निघणारे भंगार यावर त्याचे घर चालते. ऑटोच्या कडेला लटकलेली पोती एकदा नीट पाहा. एकात बाटल्या, एकात पुठ्ठा, एकात डबे आणि लोखंड. टेट्रा पॅकसाठी पोते मला अद्याप दिसलेले नाही. ते उरलेल्या कचऱ्यासोबत जवाहरनगरच्या वाटेला लागते.

जवाहरनगर हा आपणा बहुतेकांना वर्तमानपत्रातला शब्द आहे. त्या टेकाडाभोवती वस्त्या आहेत आणि वस्त्यांत मुले आहेत. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने जवळचा मल्कारम तलाव नासला, त्या भागातल्या लोकांनी दुर्गंधीविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. आज तेथे जुन्या ढिगावर आच्छादन घातलेले आहे, कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्पही उभा आहे. काही सुज्ञ माणसे म्हणतात, “मग खोके जाळले तर वीजच मिळते की!” मिळते, मान्य आहे. परंतु ज्या तंतूंचा पाच-सहा वेळा कागद होऊ शकतो, त्यांची एकदाच राख करणे म्हणजे दुभती गाय कातड्यासाठी विकणे. खेरीज ही वीज ज्यांच्या घराशेजारी तयार होते आणि ज्यांच्या घरात दिवे लावते, ते लोक एक नव्हेत. आपण काचीगुड्यात किंवा हिमायतनगरात बसून धुराच्या मर्यादांची चर्चा करतो. श्वास कोणी दुसरा घेतो.

चरकांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. अधिष्ठात्याच्या खुर्चीत बसलेला वैद्य कितीही निष्णात असो, औषध कितीही गुणकारी असो, रात्रभर उशाशी बसून वेळेवर मात्रा देणारा उपस्थाता नसेल तर रोगी बरा होत नाही. आपल्या खोक्यांच्या बाबतीत वैद्य खटिम्याला आहे, द्रव्य त्याच्या हौदात आहे. उपस्थात्याची जागा तेवढी रिकामी आहे. आणि गंमत अशी की, ज्याला आपण सर्वांत कमी मोजतो तोच हा पाद आहे.

पुण्याने ही जागा ओळखली. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरावेचकांना ओळखपत्र मिळाले, संघटना मिळाली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांचीच सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या सभासद महिला दारोदार जाऊन कचरा घेतात, त्याबद्दल घराकडून शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यावर त्यांचा हक्क असतो. म्हणजे सेवा वेगळी, तिचे मोल वेगळे आणि मालाचा भाव वेगळा. मला या रचनेत दोष दिसत नाहीत असे नव्हे. घरटी शुल्क देताना पुणेकरसुद्धा कुरकुरतात. पण जी बाई उद्या सकाळी पुन्हा त्याच दारात येणार आहे, ती सांगू शकते, “ताई, हे धुऊन ठेवत जा.” आणि ताई ऐकतात. फलकावरच्या घोषणेचे कोणी ऐकत नाही.

वैद्यक व्यवसायातील माझ्या बंधुभगिनींना तर हे समजावून सांगण्याची गरजच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले, तेव्हा आपण काय काय बोललो होतो ते आठवते का? हे भारतात शक्य नाही, परिचारिका रंग लक्षात ठेवणार नाहीत, छोट्या रुग्णालयांना परवडणार नाही. आज पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग आपल्या आयाबायांना आपल्याहून अधिक पाठ आहेत. २०१६ च्या नियमांनी पिशव्यांवर बारकोड आणले, तेही अंगवळणी पडले. हे कशाने साधले? भीतीने थोडे, शिक्षणाने थोडे. पण मुख्यतः एवढ्याने की, ठरलेल्या वेळी गाडी दाराशी येते आणि ती यावी म्हणून आपण खाटांच्या हिशेबाने पैसे भरतो. गाडी आठ दिवस आली नाही तर आपले चारही रंग एका खड्ड्यात जातील. त्याच रुग्णालयात सुयांसाठी एवढी शिस्त आणि भेटायला आलेल्या नातलगांनी टाकलेल्या रसाच्या खोक्यांसाठी एक सर्वसमावेशक काळी पिशवी, हे दृश्य मला अलीकडे बोचू लागले आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून आणखी एक गोष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. ही खोकी कचऱ्यात येतात ती प्रथम मुलाच्या हातात येतात म्हणून. भारतीय बालरोग अकादमीने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की दोन वर्षांखालील बाळाला फळांचा रस देऊ नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १२५ मिलीलिटर आणि त्यापुढे २५० मिलीलिटर ही मर्यादा असावी, तीही शक्यतो ताज्या रसाची. डब्यात पोळीभाजीच्या बरोबरीने रोज एक रंगीत खोके देणाऱ्या आयांना मी हे सांगते, आणि त्या मान डोलावतात. आजोबा मात्र शाळेच्या फाटकाशी ते विकत घेऊन देतातच! नको असलेले खोके घरात न येणे ही पुनर्प्रक्रियेची पहिली पायरी आहे आणि तिला कारखाना लागत नाही.

खोक्यावरच्या शब्दांचे सामर्थ्य किती असते, हे तर आपल्या शहराने नुकतेच देशाला दाखवून दिले. भरपूर साखरेची पेये ‘ओआरएस’ हे नाव मिरवीत औषधाच्या दुकानांत मांडलेली असत आणि हगवणीने गळून गेलेल्या बाळांना ती पाजली जात. आपल्याच हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षे त्याविरुद्ध झुंज दिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास दिलेली मुभा काढून घेतली. मी हे येथे सांगते ते अशासाठी की, खोक्याच्या कडेला छापलेल्या बाणांच्या चिन्हाचेही तसेच आहे. ‘पुनर्प्रक्रियाक्षम’ हा शब्द खोटा नाही. परंतु अतिसारही ‘साध्य’ व्याधी आहे, आणि मीठ-साखरेचे पाणी वेळेवर न मिळाल्याने त्यात मुले दगावतात. साध्य असणे निराळे आणि बरे होणे निराळे. ते चिन्ह पाहून मन निर्धास्त होते, आणि हात खोके मिश्र कचऱ्यात टाकतो.

दाम कोणी मोजायचे, हा प्रश्न उरतो. जर्मनीने १९९१ च्या कायद्याने तो सोडविला: वेष्टन बाजारात आणणाऱ्यानेच ते परत गोळा करण्याचा खर्च सोसायचा. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांकडे गेलेल्यांनी पिवळ्या पिशव्या पाहिल्या असतील. त्यांमागे नागरिकांची शिस्त आहे, पण तिच्याही मागे उत्पादकांचे पैसे आहेत. अमेरिकेत खोके बनविणाऱ्या कंपन्यांनी २००९ मध्ये एकत्र येऊन घरोघरच्या संकलनात खोक्यांचा समावेश करण्याचा प्रयत्न सुरू केला. तेव्हा जेमतेम १८ टक्के घरांना ही सोय होती. ते प्रमाण पुढे ६० टक्क्यांपलीकडे गेले. सोय उपलब्ध असणे म्हणजे प्रत्येक खोके परत येणे नव्हे, हे तेथेही दिसलेच. तरी सोयच नसेल तर काहीच येत नाही.

आपल्याकडेही उत्पादकाची जबाबदारी कागदावर आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ज्या वेष्टनात प्लास्टिकचा किमान एक आणि अन्य द्रव्याचा किमान एक थर आहे, अशा बहुस्तरीय वेष्टनांचा स्वतंत्र गट केलेला आहे; आपल्या खोक्याची घडण त्या वर्णनात चपखल बसते. या गटासाठी २०२४-२५ मध्ये किमान ३० टक्के पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य होते आणि ते वर्षाला दहा टक्क्यांनी वाढत २०२७-२८ मध्ये ६० टक्क्यांवर जायचे आहे. त्याच वर्षी, १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या नळ्यांवर बंदी आली. ‘अशक्य आहे’ म्हणून मुदतवाढ मागणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी छोट्या खोक्यांना कागदी नळ्या लावून दाखविल्या. म्हणजे नियमाला दात असले तर उद्योग चावून घेत नाही, वाट काढतो. तेव्हा टक्केवारीचे हे पैसे प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीतच न फिरता आपल्या ऑटोवाल्याच्या हातापर्यंत, किलोमागे ठरलेल्या भावाने पोहोचावेत, ही मागणी डॉक्टरांनी केली पाहिजे. आमच्या शब्दावर ही पेये विकली जातात किंवा विकली जात नाहीत. एवढे वजन आमच्याजवळ खचित आहे.

आता आपल्या सोसायटीपुरते. खटिमा किंवा पालघर येथून जवळ नाही. हलका, फुगलेला माल शेकडो किलोमीटर नेणे कोणत्याही मालमोटारीला परवडत नाही. तो चपटा करून, गठ्ठे बांधून, मालमोटार भरेल इतका एका ठिकाणी साठला तरच तो निघतो. एका घराने किंवा एका दवाखान्याने हे साधणार नाही, म्हणूनच हा विषय संस्थेचा आहे. आपल्या सभासदांचे दवाखाने काचीगुडा, बरकतपुरा, कुकटपल्ली, दिलसुखनगर असे शहरभर पसरलेले आहेत. प्रत्येकाने प्रतीक्षाकक्षात एक पोते ठेवावे. खोके पाण्याने विसळायचे, नळी काढायची, चारही कान उलगडून ते चपटे करायचे, एवढीच पथ्ये. स्वागतिकेला शिकवायला पाच मिनिटे पुरतात आणि मुलांना तर हा खेळच वाटतो. मराठी मंडळींचे गणेशोत्सव, विवेकवर्धिनीतले कार्यक्रम, हळदीकुंकू, मुंजी येथे पाहुण्यांना थंड खोकी वाटण्याची रीत पडलीच आहे, तर तेथेही पोते असावे. (पन्हे पेल्यातून द्यावे, हे माझे मत मी कितीही समारंभांत मांडले तरी यजमान फक्त हसतात.)

महिन्यातून एकदा ही पोती ठरलेला ऑटोवाला उचलील आणि महापालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर किंवा आयटीसीसारख्या कागद उद्योगाच्या संकलन उपक्रमाकडे देईल. या कंपनीच्या कागद विभागाचे मुख्यालय सिकंदराबादेतच आहे, तेव्हा चौकशीला लांब जावे लागणार नाही. उत्पादकांकडून भाव मिळू लागेपर्यंत त्या ऑटोवाल्याला किलोमागे रद्दीच्या दराइतके पैसे संस्थेने आपल्या निधीतून द्यावेत. दरमहा दोनशे किलो जमली, तरी ही रक्कम आपल्या वार्षिक स्नेहभोजनातल्या एका मिष्टान्नाच्या खर्चाहून जास्त होणार नाही. किती किलो गेले आणि कोठे गेले, याची नोंद मात्र काटेकोर ठेवावी. लसींच्या नोंदवहीसारखी, तारखेसह. वर्षभराची अशी नोंद हाती असली, तर महापालिकेच्या अधिकाऱ्यांसमोर आणि पेयांच्या कंपन्यांसमोर आपण भावना घेऊन जाणार नाही, आकडे घेऊन जाऊ.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी या आशयाचा ठराव मांडणार आहे. कार्यवाह महोदयांकडे मसुदा दिलेला आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे. अनुमोदकाची जागा रिकामी ठेवली आहे, आणि दहा दवाखान्यांची नावे मिळाली की पहिली दहा पोती मी स्वखर्चाने पोहोचवीन.